साहेब म्हणजे मित्र

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)

आज ८ सप्टेंबर. जगभर हा दिवस साक्षरता दिन म्हणून पाळतात. अशा दिवशी अक्षराचे महत्त्व सांगावे, अशी रीत आहे. पण ते तुम्हाला आम्ही काय सांगणार? दिवसभर राबून रात्री आठ वाजता वही घेऊन येथे बसणारी तुम्ही माणसे. तहानलेल्याला पाण्याचे गुण सांगण्यात काय अर्थ?

म्हणून आज आम्ही एका मुलाची गोष्ट सांगणार आहोत. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्याला पाहिले आहे. याच वर्गात, त्या खिडकीपाशी, तो बसत असे. उंच, शिडशिडीत, हसला की सगळे दात दिसायचे. "गोष्ट सांगा, पण नाव सांगू नका," असे त्याने आम्हाला बजावले आहे. म्हणून आम्ही त्याला नुसते 'मुलगा' म्हणू. या गोष्टीत आमचीही एक चूक आहे. ती आम्ही झाकणार नाही.

हा मुलगा सोमालिया देशाचा. सोमालिया कुठे आला? मुंबईच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे, थोडे दक्षिणेला धरून, निघा. सगळा अरबी समुद्र ओलांडला की आफ्रिकेचा एक टोकदार कोपरा लागतो. तो गेंड्याच्या शिंगासारखा दिसतो. त्याला आफ्रिकेचे शिंगच म्हणतात. त्या शिंगावर हा देश आहे. मुलूख कोरडा. आपल्याकडे धनगर जसे मेंढरे घेऊन पाण्यामागे फिरतात, तसे तेथले पुष्कळ लोक उंट आणि शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरतात. सोमाली बोलणारे लोक शेजारच्या जिबुतीत, इथिओपियाच्या पूर्व भागात आणि केनियाच्या ईशान्य भागातही आहेत. बहुतेक सगळे मुसलमान.

हा देश १ जुलै १९६० रोजी स्वतंत्र झाला. पण १९९१ साली तेथले सरकार कोसळले आणि आपसांतच लढाई पेटली. लाखो माणसे देशोधडीला लागली. कोणी केनियात दादाबच्या छावण्यांत राहिले. कोणी इंग्लंडला गेले. कोणी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गेले. तेथे हिवाळ्यात गुडघाभर बर्फ पडते. उन्हातली माणसे बर्फात जाऊन राहिली! आणि काही तरुण शिकण्यासाठी आपल्या देशात, हैदराबादला, बंगळूरला, पुण्याला येऊ लागले.

आमचा मुलगा मोगादिशू शहरातला. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी त्या शहरात भर रस्त्यात मोठा स्फोट झाला. पाचशेहून अधिक माणसे मेली. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याच्या आईने त्याच दिवशी ठरवले, की शाळा संपली की पोराला बाहेर शिकायला धाडायचे. तिने हातातल्या बांगड्या मोडल्या. २०२३ च्या जुलै महिन्यात मुलगा पुण्याला आला. संगणकाचा अभ्यास करायला. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक फ्लॅट रिकामा होता. तेथे हा आणि त्याच्याच देशाचा आणखी एक मुलगा असे दोघे राहू लागले.

आता मौज ऐका. पहिले सहा महिने या मुलाशी आमच्या सोसायटीत कोणी धड बोलले नाही. फक्त आमचा वॉचमन रोज सकाळी त्याला म्हणे, "साहेब, गेट लावून घ्या." तो सगळ्यांनाच साहेब म्हणतो. पण मुलाचा चेहरा एकदम खुले. का बरे? सोमाली भाषेत मित्राला म्हणतात 'साहीब'. मूळ शब्द अरबी. अरबीत त्याचा अर्थ सोबती. तोच शब्द आपल्याकडे आला आणि खुर्चीवर जाऊन बसला. आपण वरच्या माणसाला साहेब म्हणतो; ते लोक बरोबरीच्या माणसाला म्हणतात. मुलाला वाटले, एवढ्या मोठ्या शहरात हा एकच माणूस आपल्याला रोज मित्र म्हणतो! तो त्या वॉचमनला उलट 'साहीब' म्हणू लागला. वॉचमनला वाटले, हा पोरगा आपल्याला साहेब म्हणतो! दोघेही खूश. चुकून का होईना, मैत्री झाली.

आणि आम्ही? आम्ही वरून पाहत होतो. संध्याकाळी त्यांच्या फ्लॅटवर त्यांच्याच देशाची आणखी चार-पाच मुले जमत. त्यांचेच खाणे, त्यांचीच भाषा, तासन्‌तास फोनवर बोलणे. आम्ही नाक मुरडून म्हणायचो, "ही पोरं आपल्यातच राहतात. मिसळायला नको यांना."

मंडळी, हे बोलताना आम्ही एक गोष्ट विसरलो होतो. आमचे वडील लालबागला गिरणीत होते. गावाहून आले तेव्हा ते कुठे राहिले? गावकीच्या खोलीत. एका खोलीत एकाच गावची वीस-बावीस माणसे. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. जेवण गावच्याच बाईच्या खानावळीत. मुंबईत राहून वडिलांनी दोन वर्षे गावाबाहेरच्या माणसाशी दोन शब्द बोलले नव्हते. ते काय माणूसघाणे होते? मुळीच नाही. परक्या जागी माणूस आधी आपल्या माणसाचा हात धरतो. तो हात नसता तर गिरणगावात कितीतरी पोरे उपाशी मेली असती.

पुढे वडिलांच्या शेजारच्या साच्यावर एक तेलगू विणकर आला. त्याला मराठी येईना, यांना तेलगू येईना. पण सूत तुटले की दोघे एकमेकांचे सांधून देत. तेवढ्यावर चाळीस वर्षांची मैत्री झाली. आमच्या बहिणीच्या लग्नात तो गृहस्थ मांडवात पाहुण्यांना पान-सुपारी देत उभा होता. म्हणजे पाहा, गावकीची खोली मैत्रीच्या आड आली नाही. तिच्यामुळे माणूस तगला, म्हणून तर पुढे मैत्री करू शकला. हे सगळे ठाऊक असूनही आम्ही त्या मुलांना नावे ठेवली.

आता आमची चूक सांगतो.

२०२४ च्या मार्च महिन्यात भारतीय नौदलाने अरबी समुद्रात एक पळवलेले जहाज सोडवले. १७ खलाशांची सुटका केली आणि ३५ सोमाली समुद्री चाचे पकडून मुंबईत आणले. नौदलाने मोठेच काम केले. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, दूरदर्शनवर चित्रे दिसली. झाले! दोन दिवसांत आमच्या सोसायटीत कुजबूज सुरू झाली. "खाली राहतात ते त्याच देशाचे ना?" "उद्या काही झालं तर?" एकाने पत्र लिहिले. फ्लॅटच्या मालकाला लिहिले, की 'सदर भाडेकरूंपासून रहिवाशांना भीती वाटते, तरी त्यांना त्वरित जागा खाली करण्यास सांगावे.' पत्र घरोघरी फिरले. आमच्याकडे आले तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो. आम्ही पत्र वाचले. चष्मा वर केला. आणि सही केली.

बंधूंनो, सही करणे हा आमचा आयुष्यभराचा धंदा. दाखल्यावर सही, निकालपत्रकावर सही. एकदा एका मुलाच्या जन्मतारखेतला एक आकडा पुसट होता, तर आम्ही तीन दिवस दाखल्यावर सही केली नव्हती. आणि येथे? दोन मुलांचे डोक्यावरचे छप्पर जायचे होते, तर आम्ही आमटी निवेल म्हणून सही करून मोकळे झालो. त्या मुलांनी कधी मोठ्याने गाणे लावले नव्हते. भाडे थकवले नव्हते. कोणाकडे डोळा वर करून पाहिले नव्हते. चोरी एका गावच्या चोराने केली, तर आपण त्या गावच्या सगळ्यांना धरतो काय?

चार दिवसांनी संध्याकाळी दारावर टकटक झाली. दारात तो मुलगा. हातात कागद. मोडक्या हिंदीत म्हणाला, "मालकानं हे दिलं. मला वाचता येत नाही. वॉचमन म्हणाला, वर गुरुजी राहतात, ते सगळ्यांची पत्रं वाचून देतात."

तो कागद म्हणजे तेच पत्र!

आमची स्थिती काय झाली असेल, तुम्हीच विचार करा. तुमच्यातल्या कितीकांनी दुसऱ्याच्या हाती कागद दिला आहे. वाचणारा काय वाचेल त्यावर विश्वास ठेवला आहे. तो मुलगा इंग्रजी जाणणारा, संगणक शिकणारा. पण आपल्या लिपीपुढे तो निरक्षरच होता. तोही तसाच विश्वासाने कागद धरून उभा होता. क्षणभर मनात आले, काहीतरी दुसरेच सांगावे. पण पस्तीस वर्षे मुलांना 'खरे बोला' म्हणून शिकवले, ती आठवण आडवी आली. आम्ही पत्र वाचले. एकेक ओळ हिंदीत सांगितली. तो ऐकत राहिला. शेवटी त्याने सह्यांवर बोट ठेवले आणि विचारले, "ही नावं कुणाची?" आम्ही एकेक नाव वाचले. शेवटची सही मोठी, वळणदार होती. तिथे बोट थांबले.

आम्ही म्हणालो, "ही आमची."

तो रागावला नाही. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही मला ओळखत नव्हता." एवढेच. आणि कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली.

सौभाग्यवती आतून सगळे ऐकत होत्या. त्या चहा घेऊन बाहेर आल्या. आम्हाला मात्र दिला नाही! मुलाने कप हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाला, "शाह!" त्यांच्या भाषेत चहाला शाह म्हणतात. आणि तेही वेलची, दालचिनी, लवंग घालून उकळतात. मग शब्दांतून शब्द निघाले. आपण समोसा म्हणतो, ते संबूस म्हणतात. आपली खुर्ची, त्यांची कुर्सी. आपला साबण, त्यांचा साबून. आपले दुकान, त्यांचेही दुकानच! शेकडो वर्षे वाऱ्याबरोबर गलबते इकडून तिकडे जात-येत होती. तिकडचा धुपाचा सुगंधी डिंक मुंबईच्या बाजारात यायचा, इकडचे कापड आणि तांदूळ तिकडे जायचा. मालाबरोबर शब्दही गेले आणि आले. समुद्राने दोन्ही किनाऱ्यांची ओळख कधीच करून दिली होती. आम्ही मात्र एका जिन्याचे अंतर आठ महिन्यांत उतरलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही चेअरमनकडे गेलो आणि आमची सही मागे घेतली. आमचे पाहून आणखी दोघांनी घेतली. बाकीच्यांनी नाही घेतली. तुम्हाला वाटेल, शेवटी सगळे गोड झाले असेल. तसे झाले नाही. मालकाने परीक्षा होईपर्यंत राहू दिले, इतकेच. जून महिन्यात मुलांना जागा सोडावी लागली. शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली मिळाली, भाडे जास्त. सही करायला आम्हाला अर्धे मिनिट लागले. ती पुसायला दोन महिने खटपट केली, तरी ती पुरती पुसली गेली नाही.

पण मुलगा मात्र आमच्याकडे येत राहिला. एके दिवशी म्हणाला, "मला तुमची अक्षरं शिकवा. बसवरच्या पाट्या वाचता येत नाहीत. आणि असं पत्र पुन्हा आलं, तर ते मला स्वतःला वाचायचं आहे." म्हणून आम्ही त्याला या वर्गात आणले. पुढचे तुम्हाला माहीतच आहे. आपल्या वर्गातल्या बीडकडच्या ताईंनी त्याच्यासाठी बाकावर जागा केली. त्याचा 'ळ' काही केल्या वळेना, तेव्हा ताईच त्याचा हात धरून गिरवत. त्यांना येऊन दोनच महिने झाले होते, पण तेवढ्यापुरत्या त्या मास्तरीण झाल्या! ताई त्याला 'भाऊ' म्हणत. तो म्हणाला, आमच्यात भावालाही आणि बहिणीलाही एकच शब्द आहे, 'वलाल'. तेव्हापासून ताई त्याच्या वलाल आणि तो ताईंचा भाऊ.

याच वर्गात त्याने आपल्या आजीची गोष्ट सांगितली होती. जे नव्याने आले आहेत, त्यांच्यासाठी ती पुन्हा सांगतो.

सोमाली भाषा फार जुनी, तीत काव्य तर अपार. लोक लांबलांब कविता तोंडपाठ म्हणत. पण सरकारने ठरवलेली एक लिपी त्या भाषेला नव्हती. १९७२ साली तेथल्या सरकारने रोमन लिपी ठरवून दिली. मग शिकवायचे कोणी? १९७४ साली मोठ्या शाळा वर्षभर बंद ठेवल्या आणि हजारो विद्यार्थी व शिक्षक रानोमाळ पाठवले. ज्याला येते त्याने शिकवावे, ज्याला येत नाही त्याने शिकावे, अशी हाक दिली. शहरातली पोरे उंटवाल्यांच्या तांड्यांबरोबर राहिली. झाडाखाली फळा टांगून त्यांनी बायका-माणसांना अक्षरे शिकवली. त्याच सुमाराला भयंकर दुष्काळ पडला. तरी जमेल तेथे शिकवणे चालले. मुलाची आजी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची, शेळ्या राखणारी. तिला एका परक्या शहरी पोराने अक्षरे शिकवली. तो तिच्या कुळाचा नव्हता, गावाचा नव्हता. ती म्हातारी आजही त्याच्यासाठी दुवा मागते.

मौज अशी, की १९७४ सालीच आम्ही जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, पास झालो. आपल्याकडे त्याच्या आधी, १९५९ साली, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली होती. म्हणजे त्यांच्या रानात आणि आपल्या गावात एकच काम चालले होते.

आम्ही मुलाला विचारले, "तुमच्यात भाषा एक, धर्म एक, मग आपसांत लढलात का?" तो म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडे नवा माणूस भेटला की त्याचं कूळ विचारतात." सोमाली माणसाला आडनाव नसते. स्वतःचे नाव, मग बापाचे, मग आजोबाचे. लहान मुलांकडून पिढ्या पाठ करून घेतात. त्याने आम्हाला सतरा पिढ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. आम्हाला पणजोबाच्या पुढे जाता येईना! मग त्याने विचारले, "तुमच्याकडे काय विचारतात?" आम्ही म्हणालो, "आडनाव." तो म्हणाला, "ते कशाला?" आम्ही उत्तर दिले नाही. तुम्हालाही ते ठाऊक आहे, आम्हालाही आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. परक्या मुलखात, परक्या लोकांत तरुणाने मित्र कसे जोडावेत? हे आम्ही त्या मुलाकडूनच शिकलो. त्याला ते सहज आले नाही. त्याच्या आईला फोनवर सारखी धास्ती. "तिकडच्या पोरांत मिसळशील आणि नमाज विसरशील, आपली भाषा विसरशील." आईची भीती खोटी नसते. इकडे कॉलेजात काही पोरे त्याला थट्टेने 'समुद्री चाचा' म्हणत. तो काय करी? तोही हसे! आपण हसलो तर ही आपले मित्र होतील, असे त्याला वाटे. स्वतःच स्वतःच्या देशाची टिंगल करून दाखवी. पोरे टाळ्या देत. पण रात्री खोलीवर आला की त्याला बापाचे तोंड आठवे. बाप साधा दुकानदार. एके दिवशी त्याने ठरवले आणि सगळ्यांदेखत सांगितले, "मला हे नाव आवडत नाही. पुन्हा म्हणू नका." चार पोरे उठून गेली. एक थांबला. तो सांगलीकडचा. म्हणाला, "चुकलं रे. चल, चहा पिऊ." तो एक अजून आहे.

मंडळी, यात सगळे आले. स्वतःला खाली पाडून जी मैत्री मिळते, ती टिकत नाही. आपली अडचण सरळ सांगावी. हा मुलगा सांगे, "मी हलाल नसलेलं मांस खात नाही, दारू पीत नाही, नमाजाची वेळ झाली की दहा मिनिटं जातो. पण फुटबॉल खेळायला कधीही हाक मारा." मित्र असेल तो दहा मिनिटे थांबतो. आणि काही द्यायला नसले तर निदान मागावे. 'हे अक्षर कसं काढू', 'ही बस कुठं जाते', असे मागावे. मदत मागणे म्हणजे भीक नव्हे. समोरच्याला आपल्या कामाचा वाटा देणे ते. ताईंना त्याने 'ळ' विचारला नसता, तर त्या भावाला मुकल्या असत्या. आमच्या घरी तो जेवायला बसला, तेव्हा त्याने वरणभाताबरोबर केळे मागितले. त्यांच्याकडे भाताबरोबर केळे खातात. आमच्या सौभाग्यवती आधी चकित झाल्या. मग म्हणाल्या, "आपण शिकरण-पोळी खातोच की. भातानं काय पाप केलंय?" आणि त्यांनीही खाऊन पाहिले.

याच मुलाने आम्हाला मो फरा या धावपटूची हकीकत सांगितली. ती जगजाहीर आहे. हा सोमाली मुलगा चार वर्षांचा असताना त्याचा बाप लढाईत मारला गेला. आठ-नऊ वर्षांचा असताना एका बाईने त्याला खोट्या नावाने इंग्लंडात आणले आणि घरकामाला जुंपले. त्याचे खरे नाव हुसेन अब्दी काहिन. पुढे तो शाळेत जाऊ लागला. इंग्रजी येईना, कोणाशी बोलेना. अ‍ॅलन वॉटकिन्सन नावाच्या व्यायाम शिक्षकाच्या ध्यानात आले, की हा मुलगा फक्त धावताना मोकळा असतो. त्यांनी त्याला धावायला लावले. हळूहळू विश्वास बसला आणि एक दिवस मुलाने आपली खरी कहाणी त्या परक्या मास्तरला सांगितली. मास्तरांनी सरकारी खात्याला कळवले. मग त्याला एका सोमाली घरात आसरा मिळाला. पुढे त्याच मुलाने २०१२ आणि २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये दोन-दोन, एकूण चार सुवर्णपदके जिंकली. आपले खरे नाव त्याने २०२२ साली जगाला सांगितले.

या हकिकतीत नीट पाहा. छळणारी बाई सोमालीच होती. सोडवणारा मास्तर इंग्रज होता. आणि सोडवल्यावर मायेने सांभाळणारे घर पुन्हा सोमालीच होते. म्हणजे आपले तेवढे चांगले, हेही खरे नाही. परके तेवढे चांगले, हेही खरे नाही. माणसाला घर हवे आणि घराला दारही हवे. दार नसेल तर घराची कोठडी होते. घरच नसेल तर नुसते दार घेऊन काय करायचे?

तो मुलगा आता लांब राहतो. रोज येता येत नाही, पण महिन्यातून एकदा येतो. मागच्या खेपेला बसमधून उतरला तो हसतच. म्हणाला, "गुरुजी, आज एका आजीनं मला विचारलं, 'बाळा, पाटीवर काय लिहिलंय रे?' मी वाचून सांगितलं. खरं तेच सांगितलं." त्याने ते टोचून म्हटले नाही. पण आम्हाला जे समजायचे ते समजले.

बंधूंनो आणि भगिनींनो, या वर्षी तुमच्यापैकी बरेच जण सही करायला शिकले. अंगठा गेला, सही आली. मोठा आनंद आहे. पण आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या, आयुष्यभर सह्या केलेल्या माणसाची कथा ध्यानात ठेवा. सही म्हणजे आपला शब्द. कागद कोणाच्या विरुद्ध असेल तर आधी विचारा, 'या माणसाला मी ओळखतो का? त्याच्याशी एकदा तरी बोललो आहे का?' बोलला नसाल तर लेखणी खाली ठेवा आणि जिना उतरा.

तुम्ही कोणी लातूरचे, कोणी बीडचे, कोणी थेट बिहारचे. या शहरात तुम्हीही कधी परके होतात. उद्या कामावर जाताना तुमच्या गावच्या, जातीच्या, भाषेच्या नसलेल्या एका माणसाला त्याचे नाव विचारा. आडनाव नको, नाव. पुढचे आपोआप होईल. सोमाली लोक पाहुण्याचे स्वागत करताना 'सो डवोव' म्हणतात. त्याचा अर्थ 'जवळ या' असा आहे. तेवढा शब्द आज वहीत लिहून घ्या.

एवढे सांगून आम्ही तुमची रजा घेतो.